अकोल्याच्या नावावर गेलेले पत्ते

चार दिवसांपासून भागवतनं घरात अकोल्याच्या नावानं नुसता उच्छाद मांडला होता. ताटावर बसला की अकोला, आंघोळीला निघाला की अकोला. थोरला लेक वाशिमच्या कॉलेजात प्राध्यापक, पण शेताच्या धुऱ्यावरून भांडणाऱ्या गड्यासारखा पिसाळलेला.

"झालं तरी काय, सांगशीन का?" तुरीच्या शेंगा सोलता सोलता रंगूबाईनं विचारलं.

"माय, जगात जेवढे शोधनिबंध छापून येतात, त्यात कोन्या देशाचा, कोन्या जिल्ह्याचा किती वाटा, हे मोजतात. आपल्या वाशिमच्या वाट्याले निरा शून्य! काहून? जिल्हा वेगळा होऊन पंचवीसच्या वर वर्सं झाले, तरी आपले लोकं निबंधावरच्या पत्त्यात 'जिल्हा अकोला'च लिहून राह्यले. मेहनत आपल्या अनसिंगवाल्याची अन् मोजनी अकोल्यात! म्या ह्याच्यावरच निबंध लिहिला. आज धाडतो."

दुसरीतच शाळा सुटलेल्या रंगूबाईला शोधनिबंध म्हणजे काय ते कळलं नाही. पण आपला माल दुसऱ्याच्या खळ्यात पडला, एवढं बरोबर कळलं. लेकाचा अभिमानही वाटला.

"पन हे हुडकलं कोनं?"

भागवत एकदम चार्जर शोधायला लागला.

चहा घेऊन आलेली वर्षाराणी दारातच थबकली. ही धाकटी सून, पवनची बायको, एम.एस्सी. झालेली. दोन वर्षं भांडी आवरली की लॅपटॉप उघडून बसायची. रिकामे उद्योग करते म्हणून रंगूबाईनंच तिला चारदा झापलं होतं.

"म्या दोन हजार पत्ते वाचले, आत्याबाई," ती हळूच म्हणाली. "सोमवारी पीएचडीची मुलाखत हाये. कोन्या निबंधावर नाव हाये, ते विचारतात तिथं."

"हाये ना नाव!" भागवत घाईनं म्हणाला. "शेवटी आभार मानले ना तिचे."

"अन् वरतं कोनाचं हाये?"

"माह्यं. नागपूरच्या सरांचं. आमच्या प्राचार्यांचं."

"त्यायनं किती पत्ते वाचले?"

"तशी पद्धत असते, माय. मोठ्यायचं नाव टाका लागते."

रंगूबाईनं सूप बाजूला सारलं. वर्षाराणीच्या हातातला कप घेतला, एक घोट प्याली आणि लेकाकडे असं पाहिलं की तो चार्जर विसरला.

"अकोल्यानं चुकून नेलं रे, भागवत. तू तं डोये उघडे ठेवून घरातल्या पोरीचं नेलं. पैलं नाव तिचं टाक, मंग धाड."