मुक्या कोंबड्याचा खेळ

मित्रांनो, मी कोंबडा आहे, पण लाकडाचा. कळसूत्री बाहुल्यांच्या खेळातला, आता बराच जुना झालेला. मोडक्या खाटेच्या पायातून मला एका बाहुलीवाल्यांनी कोरलं. त्यांच्या बायकोने जुन्या लाल स्वेटरचा तुरा शिवला. मुलं त्यांना काका-काकू म्हणत, म्हणून मीही तसंच म्हणतो.

काका वरच्या फळीवर उभे राहून दोऱ्या हलवत. काकू खाली पडद्याआड बुटक्या स्टुलावर बसून सगळ्यांचे आवाज काढत. काकांना त्यांचं तोंड दिसत नसे. म्हणून बोलण्याआधी काकू त्यांच्या टाचेवर टिचकी मारत. टिचकी बसली की काका माझी चोच उघडत, आणि काकूंचं बोलणं संपलं की मिटत. लोक म्हणत, "कोंबडा खरंच बोलतो हो!" मलाही तसंच वाटायचं.

गोष्ट काकूंनी रचलेली. आपण आरवतो म्हणूनच सूर्य उगवतो, अशी एका कोंबड्याची समजूत असते. तो हुकूम काढतो, मी आरवेपर्यंत कुणी डोळे उघडायचे नाहीत. उजेड दिसलाच, तर दिसला नाही म्हणायचं. एके दिवशी कोंबडेराव जरा जास्तच झोपतात. जागे होतात तर लख्ख ऊन! ते ओरडतात, "माझ्या परवानगीशिवाय उजाडलं कसं?" तेव्हा म्हातारी कोंबडी म्हणते, "अहो, उठा आता. सूर्य मघाशीच आला."

या वाक्याला पोरं बाकांवर उभी राहून टाळ्या पिटत. ती मोठी झाली आणि आपली पोरं घेऊन आली, तरी खेळ चालूच होता.

मग थोरल्या साहेबांचं राज्य आलं. रोज सकाळी चौकातले भोंगे सांगू लागले: पाऊस साहेबांमुळे पडला, पूल साहेबांमुळे उभा राहिला, तुम्ही सुखात आहात तेही साहेबांमुळेच. ज्यांना ते सुख दिसलं नाही, त्यांना पोलीस घेऊन गेले. चौकातला चांभार गेला. शाळेतल्या एक बाई गेल्या. लोक घरातसुद्धा हळू बोलू लागले.

एकदा परवानगी खात्याचे एक अधिकारी खेळ बघून पडद्यामागे आले. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा कोंबडा कोण आहे?"

"कोंबडाच आहे, साहेब," काकू म्हणाल्या. "तुम्हाला कोण दिसला?"

अधिकारी लालबुंद झाले. नाव घ्यावं तर आपणच अडकणार! शेवटी म्हणाले, "शेवट बदला. कोंबडा आरवल्यावरच सूर्य उगवला पाहिजे."

"सूर्याला विचारून सांगते," काकू म्हणाल्या.

खेळ बंद झाला. मला पेटीत ठेवताना काकू पुटपुटल्या, "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?" पण पेटी काही उघडली नाही. काका पोटासाठी खुर्च्या विणू लागले. माझ्या दोऱ्या कुजल्या, तुऱ्याला कसर लागली. पेटीतून मला काकूंचा खोकला ऐकू येई. एका हिवाळ्यात तो थांबला. नंतर कितीतरी दिवस काका भाजी चिरून झाली की विचारत, "मीठ किती घालू गं?" मग ते अळणीच खात.

एका सकाळी त्यांनी मला बाहेर काढलं, पुसलं, नव्या दोऱ्या बांधल्या आणि खात्यात नेलं.

"मला हिचा खेळ करायचाय, एकदा तरी."

"त्या वाक्यासकट?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"बोलणारीच गेली, साहेब. मला आवाज काढता येत नाहीत. मुकाच करीन."

अधिकारी हसले. "मुका कोंबडा? मग काय हरकत! मीच येतो बघायला. पण तुमच्या तोंडून एक शब्द निघाला, तर हा शेगडीत आणि तुम्ही तुरुंगात."

दोन दिवसांनी दुपारी सभागृह गच्च भरलं. अधिकारी पहिल्या रांगेत बसले, दाराशी दोन पोलीस. मी ऐटीत चाललो, पंख फडफडवले, झोपलो. चोच उघडायचीच नाही असं काकांनी ठरवलं होतं. पण मी जागा झालो आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांच्या हाताने दोरी ओढली. चोच उघडली. आता शब्द संपल्याशिवाय ती मिटायची कशी? शब्द तर आलेच नाहीत. मी तसाच आ वासून उभा राहिलो. काका खालच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत राहिले.

मागच्या बाकावर एक बाई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. ती हळूच म्हणाली, "माझ्या परवानगीशिवाय उजाडलं कसं?"

"कोण बोललं?" अधिकारी ताडकन उठले.

काकांनी दचकून चोच मिटली. मग मुद्दाम पुन्हा उघडली. या वेळी दहा-वीस आवाज आले. काकांनी दुसऱ्या हाताने म्हाताऱ्या कोंबडीला पुढे आणलं.

"बंद करा!" अधिकारी ओरडले.

काकांनी कोंबडीची चोच उघडली, आणि सगळं सभागृह गरजलं, "अहो, उठा आता! सूर्य मघाशीच आला!"

अधिकारी धावत पडद्यामागे आले. "तुम्हाला बजावलं होतं!"

"मी गप्पच होतो, साहेब," काका म्हणाले. "माझ्या बाहुल्याही गप्प होत्या. बोलले ते सगळे समोर उभे आहेत. न्या धरून."

अधिकाऱ्यांनी पडदा सारून पाहिलं. कुणीही घरी निघालं नव्हतं. दाराशी एक पोलीस तोंडावर रुमाल धरून हसत होता. अधिकारी मागच्या दाराने निघून गेले.

काका फळीवरून उतरले, स्टुलापाशी जमिनीवर बसले आणि म्हणाले, "ऐकलंस का गं? सगळ्यांना पाठ आहे."

दुसऱ्या दिवसापासून चौकात भोंगा सुरू झाला की लोक माझ्यासारखा नुसता आ वासून उभे राहत. शेजारचा हसे, मग त्याचा शेजारी. थोरले साहेब काही एका दिवसात गेले नाहीत. पण भीती आधी गेली, आणि मग त्यांना जायला फार वेळ लागला नाही. चांभार परत आला, शाळेतल्या बाईही आल्या. भोंगे उतरवले त्या सकाळी काकांनी भर चौकात खेळ लावला. दोऱ्यांना लटकूनच मला लोकांचे चेहरे दिसत होते. काय सांगू, तसं ऊन मी पुन्हा पाहिलं नाही!

आता मी एका वाचनालयात, काचेच्या कपाटात असतो. बाहेर 'हात लावू नये' अशी पाटी आहे. मित्रांनो, लाकूड हातात राहिलं तर टिकतं, बंद राहिलं की पोखरतं. गोष्टीचंही तसंच आहे. तेव्हा वाचनालयाच्या बाईंकडून किल्ली मागा आणि मला बाहेर काढा. चोचीची दोरी अजून मजबूत आहे. ती ओढायला एक जण पुरे, पण बोलायला तुम्ही सगळे या.