दोन बायकांचा अर्ज

परदेशी शिक्षणाच्या सल्लागाराकडे कुमुद मोकलच्या वयाच्या बायका येतात त्या मुलांची फाइल काखोटीला मारून. त्यामुळे नवीन पनवेलच्या त्या चकचकीत ऑफिसातल्या मिथुन सरांनी तिला पाणी दिलं आणि विचारलं, "मुलगा की मुलगी, मॅडम?"

"मीच," कुमुद म्हणाली.

मिथुन सरांनी अर्धं मिनिट नुसताच चष्मा पुसला. पण माणूस कामाचा निघाला.

तळोज्याच्या एका प्रयोगशाळेत कुमुद अठरा वर्षं पाणी तपासत होती. तपासणी तिची, रिपोर्ट तिचा, आणि खाली सही मात्र तिच्याहून दहा वर्षांनी लहान साहेबाची, कारण त्याच्याकडे मास्टर्सची पदवी होती. याचा तिला राग होता, आणि तो रास्तच होता. स्कॉटलंडमधल्या एका विद्यापीठात पिण्याच्या पाण्यावरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम तिने हेरला. नोकरदार बायकांसाठी त्यात पूर्ण शिष्यवृत्ती होती, पण जागा एकच. निबंध झाला, इंग्रजीची परीक्षा झाली, मुलाखत झकास झाली. आता निवडीचं पत्र यायचं, तर आलं भलतंच.

"आमच्याकडे दोन स्त्रियांची कागदपत्रं आली आहेत. पदवी निशा काशीराम घरत यांची आहे आणि पासपोर्ट कुमुद दीनानाथ मोकल यांचा. अर्ज नेमका कोणाचा आहे?"

आता स्कॉटलंडच्या लोकांना कोण समजावणार, की आपल्याकडे लग्नात ताटभर तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं की जुनी बाई संपते? नुसतं आडनाव नव्हे, अख्खी बाई. त्यात तिचा नवरा दीनानाथ म्हणजे कटकटीला भिणारा माणूस. त्याने आधारपासून लग्नाच्या दाखल्यापर्यंत सगळीकडे कुमुदच करून ठेवलं होतं. टाळलेली कटकट आता दामदुपटीने दारात आली.

विद्यापीठाला शुक्रवारपर्यंत प्रतिज्ञापत्र हवं होतं, तेही नाव बदललं तेव्हा हजर असलेल्या, नवऱ्याखेरीज दुसऱ्या नातेवाइकाचं. कुमुदच्या माहेरी आता कोणी उरलं नव्हतं. राहिल्या सासूबाई, गुणाबाई. कुमुद हे नाव त्यांनीच निवडलेलं. आणि गेला महिनाभर त्या सुनेशी धड बोलत नव्हत्या. "चाळिशी उलटल्यावर शालंत कोन जातं?" एवढं एकदाच म्हणून त्यांनी तोंडाला कुलूप लावलं होतं.

बुधवारी मेथी निवडताना कुमुदने विषय काढला. "आई, तुम्ही सही केलीत तर मी जाईन. नाही केलीत तर जागा दुसरीला जाईल. तुम्हाला राग आलाय, कळतं मला. तरी मला जायचंय."

इतकं सरळ ती त्या घरात कधी बोलली नव्हती. गुणाबाई मेथी निवडत राहिल्या.

गुरुवारी सकाळी मात्र त्या ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभ्या. "रिक्षा बोलाव. ऊन चढलं का मना नाय जमायचं."

जुन्या पनवेलात कोर्टाजवळच्या एका खोलीत अरुंधती वकील नोटरीचं काम करत. त्यांनी कागद पुढे ओढला. "आजी, तुमचं नाव?"

"आताचं का पयलंचं?"

वकीलबाईंनी मान वर केली.

"पयलं शेवंती. पन ते कुनी इचारत नाय. गुनाबाई लिवा."

कुमुद त्या घरात एकोणीस वर्षं नांदत होती. तिनेही कधी विचारलं नव्हतं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"आणि सुनेचं नाव बदलायचं कारण? ते लिहावं लागतं."

गुणाबाई विचारात पडल्या. "कारन काय नवतं. आमची रीत. आमच्या घरात आली, मनून आमी आमचं नाव ठेवलं." मग त्यांनी कागदावर बोट आपटलं. "पन हुशारी ती निशाची घेऊन आली. ती काय आमी दिलेली नाय. ह्ये पन लिवा."

"आजी, असं लिहीत नाहीत हो."

"का? खोटं हाय का?"

खोटं नव्हतं, म्हणून लिहिलं गेलं. वकीलबाईंनी ते कायद्याच्या इंग्रजीत कसं बसवलं ते त्यांनाच ठाऊक. गुणाबाईंनी एकेक अक्षर घोटून सही केली. कुमुदला तिथेच त्यांना मिठी मारावीशी वाटली आणि तिने मारलीही, वकीलबाईंच्या टेबलावरचे शिक्के पाडत.

मंगळवारी संध्याकाळी उत्तर आलं. प्रवेश पक्का, शिष्यवृत्ती पूर्ण. दीनानाथ असा काही ओरडला की शेजारच्यांनी दारं उघडली. गुणाबाई साखरेचा डबा घेऊन जिन्यात उभ्या राहिल्या आणि येईल त्याच्या तोंडात चिमूट कोंबू लागल्या. कुमुद एकाच वेळी हसत होती आणि रडत होती, आणि तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

पत्राच्या शेवटी एक प्रश्न होता. दोन्ही नावं आता मान्य आहेत, तर पदवीवर कोणतं छापायचं?

"कुमुदच टाक," दीनानाथ म्हणाला. "परत भानगड नको."

"तू गप रे," गुणाबाई दारातून म्हणाल्या. "पदवी तुजी हाय का?"

तिने लॅपटॉपसमोर खुर्ची ओढली. एकेक अक्षर दाबलं, दोनदा वाचून पाहिलं, आणि पाठवून दिलं.

"झालं?" दीनानाथने विचारलं.

"झालं," निशा म्हणाली.