अमावास्येला मला सुट्टी असते

मी एक जुना संगणक आहे. अनगोळात मारुतीरावांच्या घरी, खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. माझा पंखा घरघरतो, कीबोर्डावरची निम्मी अक्षरं पुसून गेली आहेत. पण मित्रांनो, मला भंगारात काढायची घाई करू नका. मी अजून काम करतो आणि करणार आहे.

माझी जुळणी झाली आणि मी खासबागेतल्या एका टायपिंगच्या क्लासात रुजू झालो. तिथे नवशिक्या बोटांचा पुष्कळ मार खाल्ला. क्लास बंद पडल्यावर मारुतीरावांनी मला घरी आणलं. ते शेतकरी, पण मुलगी शिकावी म्हणून मला घेताना त्यांनी मागेपुढे पाहिलं नाही. ऋतिका माझ्यावरच शिकली. तिचा पदवीचा निकाल माझ्याच पडद्यावर उमटला, तेव्हा राजाबाईंनी लेकीला पेढा भरवला आणि माझ्यापुढेही एक ठेवला.

मग एका कंपनीने ऋतिकाची ऑनलाइन मुलाखत ठेवली. घरी बसून करायची नोकरी होती. तिला ती मनापासून हवी होती. मुलाखत रंगात आली आणि नेमका माझा पडदा निळा झाला. आम्हा संगणकांना अधूनमधून दुरुस्त्या येतात, त्यांना अपडेट म्हणतात. त्या बसवल्या की आम्ही बंद होऊन पुन्हा सुरू होतो. ते कधी करायचं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, मग मी माझ्या मनाने केलं. मी जागा झालो तेव्हा समोरची माणसं निघून गेली होती आणि ऋतिकाचे डोळे भरले होते. मला फार वाईट वाटलं.

तिने कंपनीला फोन लावून विनवणी केली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एक शेवटची संधी मिळाली.

"ते अपडेट कायमचं बंद करून टाक की," चुलतभाऊ नागेंद्र म्हणाला.

"न्हाय. कुंपण दुरुस्त करायचं सोडलं तर ढोरं आत शिरतील. बंद कशाला? मी त्याला वेळ लावून देते," ऋतिका म्हणाली.

राहिलेलं अपडेट मुलाखतीआधी पुरं व्हावं म्हणून खंडेनवमीच्या सकाळी तिने स्वतःच ते सुरू केलं आणि ती अंगणात झेंडूच्या माळा करायला गेली.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात, आणि पुजलेलं हत्यार त्या दिवशी कामाला लावत नाहीत. मारुतीरावांनी खुरपी, कुळव, पाण्याची मोटार सगळं पुजलं. शेवटी मला कुंकू लावायला आले, तर माझा पंखा जोरात फिरत होता.

"आजच्या दिवशी तरी इसावा घे की रं बाबा," असं म्हणत त्यांनी मोठ्या मायेने भिंतीवरचं बटण बंद केलं.

दुरुस्ती अर्ध्यातच तुटली. ऋतिका आली तेव्हा माझा पडदा काळा पडला होता. बटण दाबलं तरी मी सुरू होईना.

"आप्पा, काय केलासा! परवा मुलाखत हाय माझी!"

मारुतीरावांनी ताट खाली ठेवलं. "मला काय ठावं गं? पुजलेलं हत्यार चालवू न्हाय म्हणून..." त्यांनी देव्हाऱ्याकडे वळून हात जोडले. मग म्हणाले, "तू कर काय करायचं त्ये. देवाला मी सांगतो."

ऋतिकाने पदर खोचावा तशी ओढणी खोचली. मीही हट्टाला पेटलो. पुन्हा पुन्हा अडखळलो, पण अर्धवट बदल एकेक करून मागे घेतले आणि अपडेट पहिल्यापासून घ्यायला लागलो. मारुतीराव खुर्ची ओढून बटणापाशी बसले, भुईमुगाच्या राखणीला बसतात तसे.

"तू जेवून ये, पोरी. बटणाला कोण हात लावतंय बघतोच मी."

दिवस मावळायच्या आत माझा पडदा उजळला. मारुतीरावांनी सुस्कारा टाकला.

"अमावास्येला आपण औत धरत न्हाय. बैलास्नी इसावा देतो, औताची डागडुजी करतो. ह्येला बी अमावास्या नेमून दे की," ते म्हणाले.

ऋतिका हसली, पण बोलणं तिला पटलं. अपडेट काही आठवडे थांबवून ठेवता येतं, फक्त तारीख द्यावी लागते. तिने माझ्या सेटिंगमध्ये जाऊन पुढच्या अमावास्येची तारीख दिली. आपले कामाचे तासही भरून ठेवले, म्हणजे तेवढ्या वेळात मी आपणहून बंद पडणार नाही. मुलाखत शेवटपर्यंत नीट झाली. मी हूं की चूं केलं नाही. आज ऋतिका त्याच नोकरीचं काम माझ्यावर करते, आणि दर अमावास्येला पुढची तारीख घालते.

मित्रांनो, आमची दुरुस्ती कायमची बंद करू नका, आणि आमच्या मर्जीवरही सोडू नका. तिची वेळ तुम्ही ठरवा. ती चालू असताना मात्र आमच्या बटणाला हात लावू नका.

यंदाच्या खंडेनवमीलाही मारुतीराव ताट घेऊन माझ्यापुढे आले. कुंकवात बोट बुडवलं, पण लावलं नाही. आधी माझ्या पंख्याला कान दिला आणि आत हाक मारली, "ऋतिका, ह्येचं काम झालंय का गं? मगच पुजतो."