फंडातल्या दुपारी

चौगुलेकाका रिटायर झाले आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे दुपार झालीच नाही. सकाळची आंघोळ करून ते फुलं तोडायला अंगणात आले, तर बाहेर दिवेलागण झालेली.

आमच्या बिस्किटांच्या कारखान्यात फंड असाच कापतात. दर महिन्याच्या पगारातून एक दुपार. तिची चादरीसारखी घडी घालून भट्टीमागच्या खोलीत ठेवतात, आणि माणूस रिटायर झाला की त्याच्या सगळ्या घड्या टेम्पोतून घरी पोचवतात. मग तो रोज एक उलगडतो, तिच्यात जेवतो, जरा आडवा होतो.

फंडाचे विश्वस्त चार. तिघे मालकांच्या बाजूचे, म्हणजे मालक स्वतः, मॅनेजर आणि एक साहेब, आणि एक कामगारांचा. कामगारांचा विश्वस्त रजेवरच्या माणसांतून निवडायची आमच्याकडे जुनी पद्धत आहे, कारण मीटिंगसाठी मशीन सोडायला कुणाला मिळत नाही. मी बाळंतपणाच्या रजेवर होते. पॅकिंगमधल्या बायका म्हणाल्या, बरं झालं, नाहीतरी तू घरी बसूनच आहेस.

रेवाच्या बारशाला मॅनेजर गुळवणी आंगडं-टोपडं घेऊन आले. बायका रेवाला पाळण्याखालून एकमेकींच्या हातात देत होत्या. तेवढ्यात माझे हात मोकळे बघून गुळवणींनी त्यांत पेन दिलं. मालकांनी डोंगरावर हॉटेल काढलं होतं. तिथे कायम धुकं, आणि गिऱ्हाइकांना ऊन हवं.

"नुसत्या पडून तर आहेत दुपारी," गुळवणी म्हणाले. "चार दिवस अंथरू, झटकून परत ठेवू."

तिघांच्या सह्या होत्या. चौथी माझी झाली.

नेलेल्या दुपारी परत आल्या नाहीत. गिऱ्हाइकं त्यांच्यात इतकी लोळली की ऊन पार विटून गेलं.

चौगुलेकाकू माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. काका त्यांच्यामागे, चपला न काढता.

"ह्यांना शुगर आहे," काकू म्हणाल्या. "दुपारची गोळी ह्यांनी कधी घ्यायची, सांग की गं विश्वस्तबाई."

रेवा दूध पीत होती. मी पदर नीट केला.

मग सरकारी फंड ऑफिसातले अधिकारी आले. सभ्य होते, पाणीसुद्धा मागून प्यायले. म्हणाले, ज्यांनी ज्यांनी सही केली त्यांनी पदरचं घालून फंड भरायचा. चौघांनी मिळून, नाहीतर सापडेल त्या एकाने. मी म्हटलं, मालकांपासून सुरू करा. ते तिकडूनच आले होते. मालकांच्या नावावर एकही दुपार नव्हती, होत्या त्या सगळ्या बाईसाहेबांच्या. गुळवणींच्या होत्या त्या मेव्हण्याच्या नावावर. तिसरे साहेब दुबईत, आणि तिथलं ऊन आपल्या कायद्यात बसत नाही.

"तुमच्याकडे मात्र आहेत," ते म्हणाले. "आणि अगदी कोऱ्या."

होत्या. दूध पिऊन रेवा झोपते, मी तिच्याशेजारी पालथी पडून काहीबाही लिहिते. दिवसातला तेवढाच तुकडा माझा.

अधिकारी पुन्हा आले तेव्हा रेवा नुकतीच झोपली होती. सोबत काका-काकू होते, पहिला हक्क त्यांचा म्हणून. अधिकाऱ्यांनी खिडकीच्या कोपऱ्यातून ऊन सोडवलं, फरशीवरून गोळा करत गादीपर्यंत आणलं.

"बाळाला उचलते," मी म्हटलं.

"दुपार असेल तशीच जमा होते, ताई. त्यातलं काही काढून घेतलं तर तोही अपहारच."

"लेकरू आहे, साहेब," काका म्हणाले.

काकूंनी काकांकडे पाहिलं. त्यांनी जेवणाचा डबा सोबतच आणला होता.

अधिकाऱ्यांनी घडी घातली. हळूच घातली, खोटं कशाला बोलू. काकांनी हात पुढे केले.

"मानेखाली हात धरा," मी म्हणाले. "अजून मान धरत नाही ती."

खोलीत अंधार झाला. मी खिडकीशी गेले. आळीत घरोघरी दिवे लागले होते आणि त्यांच्यामधून काका भर उन्हात चालले होते. घडीतून एक पाऊल बाहेर आलं होतं, मोजा निसटलेला. काकूंनी पदर पुढे धरून त्या पावलावर सावली केली.