बंब, हीट पंप आणि मे महिन्यातली कानटोपी

धोंडीबाचा जीव कशात असेल, तर त्याच्या तांब्याच्या बंबात. भोसरीच्या वर्कशॉपात उभा जन्म घालवून माणसानं रहाटणीत तीन मजले चढवले, पण कौतुक कशाचं, तर पाणी तापवायच्या त्या जुन्या बंबाचं. दर रविवारी चिंच लावून घासायचा. लग्नात कस्तुराकडं बघितलं नसेल तेवढ्या प्रेमानं त्याच्या तोटीकडं बघायचा.

अशा घरात सुनेनं हीट पंप आणला. मैत्री हिंजवडीत नोकरीला, बोलण्यात हार जाणारी नव्हे.

"बाबा, तीन मजल्यांना तीन गीझर, वर तुमच्या बंबाचा धूर. त्यापेक्षा गच्चीत हे एकच मशीन. हवेतली उष्णता ओढतं आणि पाण्यात घालतं."

"हवेवर पाणी तापतं व्हय? मग आमी काय जन्मभर लाकडं उगाच फोडली?"

झालं, पैज लागली. मे संपेपर्यंत मशीन वापरायचं. धोंडीबानं नापास केलं तर ते परत जाणार. पास केलं तर बंब मैत्रीचा, आणि मैत्री तो हॉलमध्ये ठेवून त्यात मनी प्लांट लावणार.

"माझ्या बंबात झाड? नापासच समज!" असं म्हणून धोंडीबानं बंब उचलला आणि गच्चीत मशीनच्या शेजारी नेऊन ठेवला. कळू दे त्याला, घर कोणाचं आहे ते.

मग एका दुपारी स्वारी मशीनची खोट काढायला वर गेली. ऊन असं, की तळपाय भाजत होते. पत्र्याच्या शेडखाली धोंडीबा मशीनच्या पंख्यासमोर वाकला आणि, आईशप्पथ, तोंडावर गार वारा! उष्णता पाण्यात गेली, उरलेली गार हवा मशीन पंख्यातून फेकत होतं. खाली कूलर चिकट वारा मारतोय आणि इथं साक्षात महाबळेश्वर! धोंडीबानं गुपचूप बाज वर चढवली.

पण थोड्याच वेळात टाकीतलं पाणी तापलं आणि मशीन गप्प. गरम पाणी खर्च झाल्याशिवाय ते काही पुन्हा सुरू होईना.

मग काय, धोंडीबानं अख्ख्या घराला आंघोळी लावल्या! वरच्या मजल्यावरचा भाडेकरू गणराज शिफ्टवरून आला, की हा जिन्यात टॉवेल घेऊन उभा.

"काका, सकाळीच केली की आंघोळ."

"सकाळची सकाळी गेली. वास मारतोय लेका. जा!"

जुना दोस्त ज्योतीराम जयभीम घालून चहाला टेकला, तर त्याच्याही हातात साबण.

"अरे, मी चहाला आलोय!"

"चहा कुठं पळून चाललाय? आधी अंग शेकून घे."

"ऊन डोक्यात गेलंय ह्यांच्या," कस्तुरा सुनेला म्हणाली. "भर मेमध्ये सगळ्यांना कढत पाण्यानं न्हाऊ घालतायत. माझ्या तर धुतलेल्या चादरी परत धुवायला लावल्या."

मैत्रीला शंका आली. रविवारी दुपारी ती पाय न वाजवता गच्चीत गेली. बघते तर मशीनसमोर बाज, बाजेवर सासरे, गळ्यापर्यंत गोधडी आणि डोक्यात कानटोपी!

"बाबा!"

धोंडीबा धडपडून उठला. कानटोपी काढायलाही सवड मिळाली नाही.

"म्हणजे मशीन पास," मैत्री कमरेवर हात ठेवून म्हणाली. "आणू ना मनी प्लांट?"

धोंडीबानं एकदा पंख्याकडं बघितलं, एकदा बंबाकडं. नापास म्हणावं तर वारा गेला, पास म्हणावं तर बंब गेला. बिचाऱ्याला रडूच यायचं बाकी होतं. तेवढ्यात अंगात एक हुडहुडी आली आणि तिच्यापाठोपाठ अक्कलही आली.

"पास तर पास! पर बंब न्हाई मिळायचा."

"का?"

"का म्हंजे? तुझ्या मशीनपुढं मरणाची थंडी वाजतीय. मग शेकायला बंब नको?"

आणि बाबानं त्या रणरणत्या उन्हात बंबात ढलप्या टाकून जाळ केलासुद्धा! हातही शेकायला धरले.

मैत्री आधी रागावली, मग तिला हसू आवरेना. हसता हसता ती बाजेच्या कडेवर बसली. गार झुळूक तोंडावर आली तशी तिनं पाय वर घेतले आणि गोधडीचं टोक ओढलं.

"सरका थोडं. राहू दे बंब."

इतक्यात मशीन थांबलं. सासऱ्यानं सुनेकडं बघितलं, सुनेनं सासऱ्याकडं. मग मैत्री उठली, कठड्यावरून वाकली आणि नवऱ्याला हाक मारली.

"सनी, ए सनी! आंघोळ कर!"