मामांनी वाचवलेला थर

मित्रांनो, मी एक जुना, बुळबुळीत थर आहे. मुरडलंत ना नाक? मुरडा, मला सवय आहे. मोरीच्या कोपऱ्यात हात लागला की तुम्ही शी म्हणून जे खरवडून टाकता, त्याच कुळातला मी. मी म्हणजे एकटा नव्हे बरं का. आम्ही कोट्यवधी सूक्ष्म जीव एकमेकांना घट्ट चिकटून राहतो, आणि सगळ्यांच्या वतीने बोलायचं म्हणून 'मी' म्हणतो.

माझा जन्म मिठागराच्या चिखलातला. तुम्हाला ज्या पाण्याचा एक घोट जाणार नाही, त्यात आम्ही सुखाने नांदत होतो. तिथून मला बाईंनी उचललं. बाई म्हणजे प्रयोगशाळेतल्या संशोधक. त्यांचे वडील कातडी खारवण्याच्या कारखान्यात जन्मभर राबले. कातडं कुजू नये म्हणून त्याला मीठ चोळतात आणि नंतर धुतात. ते खारट, घाणेरडं पाणी वर्षानुवर्षं जमिनीत मुरलं आणि वडिलांच्या गल्लीतली विहीर नासायला लागली. घाण खाणारे साधे जीव एवढ्या मिठात तग धरत नाहीत. मला मात्र तेच पाणी मानवतं. मी घाण खायची, उरलेलं मीठ वाळवून पुन्हा कारखान्याला द्यायचं आणि जमिनीत थेंबही जाऊ द्यायचा नाही, असा बाईंचा बेत होता.

त्यांनी मला काचेच्या बरणीत कार्बनच्या जाड, काळ्या कापडावर बसवलं. त्याला इलेक्ट्रोड म्हणतात. घाण खाताना आमच्यातून किंचित वीज निघते, ती हे कापड घेतं आणि बाहेरच्या मीटरचा काटा हलतो. पहिले दोन महिने तो ढिम्म हलला नाही. बाकीचे लोक बाईंना हसायचे. चिखल पाळलाय म्हणे हिने! एका सकाळी काटा चढला, तेव्हा बाई स्टुलावर बसून रडल्या. त्या दिवसापासून मला तळहाताच्या फोडासारखं जपलं गेलं. माझं इतकं कौतुक पुन्हा कधीच झालं नाही.

जपणाऱ्यांत मामा होते. प्रयोगशाळेतली भांडी धुण्यात त्यांची तीस वर्षं गेली. सगळेच त्यांना मामा म्हणत आणि बाईंना ते सख्ख्या भाचीसारखं वागवत. "जेवलीस का गं? ते किडे जेवले, तू राहिलीस," असं रोज म्हणायचे. स्वच्छतेचं त्यांना भारी वेड. मी त्यांना आवडणं शक्यच नव्हतं, पण पोरीचा जीव माझ्यात आहे म्हणून त्यांनीही मला जीव लावला.

माझ्यासारख्यांना कारखान्यात जागा द्यायची की प्रयोग बंद करायचा, हे ठरवायला एक समिती येणार होती. चार दिवस राहिले होते. बाई कारखान्यातून ताजं पाणी आणायला गेल्या, आणि माझी बरणी बुडाशी तडकली.

पाणी टेबलावरून ठिबकायला लागलं. मामा धावत आले. हा थर सुकला की मेला, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. क्षणभरही न दवडता त्यांनी मला उचललं, नवीन बरणी आणली आणि प्रयोगशाळेतलं सर्वांत शुद्ध पाणी तिच्यात ओतलं. एरवी ज्याचा थेंब ते कुणाला वाया घालवू द्यायचे नाहीत, ते डिस्टिल्ड पाणी. त्यात मला अलगद सोडून म्हणाले, "घे बाबा. मायेचं पाणी आहे."

मित्रांनो, मिठात जगायचं तर आम्हाला आपलं अंग आतून दाट ठेवावं लागतं. बाहेर गोडं पाणी आलं की ते आत शिरतं आणि शिरतच राहतं. आम्ही फुगलो आणि फुटलो. शेजारी कोण होतं, कोण गेलं, कळेना. ओरडायला तोंड नाही आम्हाला. मामा समोर उभे राहून माझ्याकडे समाधानाने बघत होते.

बाई परतल्या, तेव्हा काटा शून्यावर होता. त्यांनी बरणीतलं पाणी बोटाने जिभेला लावलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"सुकू नाही दिलं मी," मामा म्हणाले. "बरोबर केलं ना गं?"

बाईंनी त्यांच्या ओल्या बाह्यांकडे पाहिलं.

"बरं केलंत, मामा."

मला पुन्हा मिठाच्या पाण्यात ठेवलं, पण दोन महिन्यांची वाढ चार दिवसांत कशी होणार? समिती आली. एकाने विचारलं, "हे चालत नाही का?" बाई म्हणाल्या, "चालत होतं." प्रयोग बंद झाला. गल्लीतल्या विहिरीवर पत्रा ठोकला, असं बाईच एकदा फोनवर सांगत होत्या.

कापडाच्या अगदी आतल्या धाग्यांत आम्ही मूठभर वाचलो होतो. वर्षभर कुणी छेडलं नसतं, तर कदाचित पुन्हा उभे राहिलो असतो. बाईंना दुसरीकडे नोकरी मिळाली. जाताना तरी त्या मामांना खरं सांगतील, या आशेवर मी होतो. मामा म्हणाले, "निर्धास्त जा, पोरी. मागे मी सांभाळलं, तसंच सांभाळीन." बाई वाकून त्यांच्या पाया पडल्या. मामांचं मन मोडायला त्या धजल्या नाहीत.

मित्रांनो, मायेचं माणूस चुकलं, तर त्याला सांगा. हळू सांगा, जवळ बसवून सांगा, पण सांगा. रडेल घटकाभर, रडू द्या. न सांगितल्याने ते चुकायचं थांबत नाही.

माझं पाणी अलीकडे गढूळ झालंय. आज सकाळी मामांनी बरणी उजेडात धरली, चुकचुकले आणि म्हणाले, "किती रे घाणीत राहतोस." त्यांनी जुनं पाणी मोरीत ओतलं आहे. आता ते शुद्ध पाण्याची बाटली उघडत आहेत.