नाव कापणारी कात्री

मित्रांनो, मी औषधांच्या दुकानातली एक जुनी कात्री आहे. शिंप्याची नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. माझे बोलणे पुरे होईपर्यंत कोणी मध्ये तोंड घालायचे नाही.

गडचिरोलीच्या एका लोहाराने मला तापवून, ठोकून घडवले. मुलचेऱ्याच्या धनराजभाऊंनी मला विकत घेतले, तेव्हा माझ्या वाट्याला कापड नव्हे तर गोळ्यांच्या पट्ट्या येणार आहेत, हे मला ठाऊक नव्हते.

तेवीस वर्षे मी त्या दुकानाच्या फळीवर राज्य केले. आमच्याकडे पूर्ण पट्टी मागण्याची रीतच नव्हती. भाताच्या रोवणीला निघालेली बाई दारात थांबे, "भाऊ, तापाच्या दोन द्या," म्हणे, आणि मी कच्चकन दोन गोळ्या कापून देई. ना डॉक्टर, ना चिठ्ठी. धनराजभाऊ कौतुकाने म्हणत, "माह्या कात्रीले गिऱ्हाइकाची नाडी कळते." मी फुगून जात असे.

बोडीत, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यात, मासे धरणाऱ्या लटारूभाऊंना दरवर्षी मांगूर माशाचा काटा लागे. मग ते लाल-पिवळ्या अँटिबायोटिक कॅप्सूल कापून नेत. एक गिळत, दुसरी नखाने उघडून तिची पूड जखमेत भरत आणि वरून हळद दाबत. कधी ती दुसरी उरलीच, तर पुढच्या काट्यासाठी जपून ठेवत. साऱ्या वस्तीची हीच रीत होती. जखम बहुधा आपली आपणच सुके. श्रेय मात्र कॅप्सूलला मिळे, आणि थोडे मलाही.

पुढे धनराजभाऊंची लेक रीता औषधशास्त्राची पदविका घेऊन आली व फळीमागे उभी राहिली. पहिल्याच आठवड्यात लटारूभाऊ लंगडत आले. पाऊल घोट्यापर्यंत सुजून चकाकत होते.

"बाई, त्या दोन लाल-पिवळ्या काप."

"नाई कापत, काका. पाय पाहा आपला. दवाखान्यात चला."

"तू कालची पोट्टी, मले शिकवून राह्यली? तुह्या बापानं कधी चिठ्ठी मागतली नाई!"

आतून धनराजभाऊ गरजले, "देऊन टाक ना, रीता! गिऱ्हाईक वापस पाठवून राह्यली काऊन?"

रीताने मला उचलले. मला वाटले, आता कापेल. तिने मला खणात टाकले आणि खण लावून घेतला.

"बाबा, परवान्यावर आता माहं नाव हाय. मी नाई म्हटलं म्हंजे नाई."

खोटे कशाला बोलू? त्या अंधारात मी संतापाने धुमसत होते. कालच्या पोरीने माझा मान काढावा! तिने मात्र दुकानाला कुलूप लावले आणि लटारूभाऊंना व त्यांच्या बायकोला, आशाबाईंना, बसने गडचिरोलीच्या दवाखान्यात नेले.

तिथे काय घडले, ते मी नंतर रीताच्याच तोंडून ऐकले. डॉक्टरांनी विचारले, "यापूर्वी कोणते औषध घेतले?" आशाबाईंनी कमरेची पिशवी उलटी केली. तीत जपून ठेवलेल्या कॅप्सूलच्या पट्ट्यांचे तुकडे होते. एकावर नावाची दोन अक्षरे, दुसऱ्यावर अर्धी तारीख, तिसरा कोरा. नावे मी कापली होती, मित्रांनो. औषध कोणते, मुदत कधीची, काहीच कळेना. जखमेतला पू तपासला, तर नेहमीची औषधे त्या जंतूंपुढे हरलेली. अर्ध्यामुर्ध्या औषधातून जे जंतू वाचतात, ते निबर होत जातात, हे रीताने बापाला समजावले तेव्हा खणातल्या मलाही समजले. शेवटी जे औषध चालले, ते अठरा दिवस सुईने द्यावे लागले. पाय वाचला. दोन बोटे गेली.

तरी गावाची जीभ थांबते थोडीच? "त्या पोट्टीच्या मेडिकलात गोळी कमी अन् भाषण जास्त," असे लोक म्हणू लागले. गिऱ्हाईक ओसरले. धनराजभाऊंचा धीर सुटला.

एका दुपारी रीता मागच्या खोलीत पेट्या उघडत होती. ट्रॅक्टर चालवणारा डोमा शिंकत आला. "दोन लाल-पिवळ्या द्या ना भाऊ, नाक वाहून राह्यलं."

धनराजभाऊंनी हळूच खण उघडला. माझी पाती पट्टीवर टेकली. आपण बोथट असावे, असे मला जन्मात प्रथमच वाटले.

डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन लटारूभाऊ बाकावर बसले होते. त्यांनी चप्पल काढली आणि पाय बाकावर ठेवला.

"काप गा, धनराज. पण आधी माही बोटं मोज."

धनराजभाऊ त्या पायाकडे वाकले.

"तीन हायत," लटारूभाऊ स्वतःच म्हणाले. "याले शिंकेसाठी दोन, मले काट्यासाठी दोन. देत राह्यलास, मी घेत राह्यलो. तुह्या पोरीनं त्या दिवशी नाई म्हटलं नसतं, तर आज हा पायच नसता."

डोमाने नाक पुसले. "राहू द्या भाऊ. वाहू द्या."

धनराजभाऊंनी पट्टी जागेवर ठेवली आणि आत हाक मारली, "रीता बाई, बाहेर ये. गिऱ्हाईक तुहं हाय."

आता मी खोक्यांच्या दोऱ्या कापते. काही जण म्हणतात, म्हातारीचा मान गेला. खुशाल जावो! अडाणीपणाने मिळालेला मान मला नको. मित्रांनो, डॉक्टरांनी लिहून दिल्यावाचून अँटिबायोटिक मागू नका. लिहून दिले, तर सांगितलेले सगळे दिवस घ्या. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका, उरलेले शेजाऱ्यांना वाटू नका. आणि औषध देणारा "नाही" म्हणाला, तर त्याच्याशी भांडू नका, त्याच्या बाजूने उभे राहा. मी तर उभी आहेच. पुन्हा कोणी माझ्यापुढे ती पट्टी धरलीच, तर माझा खिळा निखळला तरी बेहत्तर. मी पाती मिटणार नाही.